अशुद्धाचा उजेड

द्वितीय वर्ष, कला

खानदेशात विहीर खोदणाऱ्या माणसाला जमिनीच्या पोटातले जेवढे ठाऊक असते, तेवढे जमिनीच्या मालकालाही नसते. माझे आबा गेली पंचवीस वर्षे विहिरी खोदत आहेत. पारोळा, एरंडोल, अमळनेर या तीन तालुक्यांत त्यांनी किती विहिरी खोदल्या याचा हिशेब कुठे लिहिलेला नाही, कारण लिहिणे त्यांना येत नाही. पण अमक्या गावात, तमक्याच्या वावरात, किती परसांवर काय लागले, हे झोपेतून उठवून विचारले तरी ते सांगतील. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा कातळ. मध्येच कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा आणि त्याच्याखाली पुन्हा मांजऱ्या. आबांचे पुस्तक असे थराथरांचे आहे आणि ते त्यांना तोंडपाठ आहे.

यांपैकी मांजऱ्या हा खडक मोठा गमतीचा. तो भोकाभोकांचा असतो आणि त्या भोकांत पांढरे, हिरवट, गुलाबी खडे बसलेले असतात. बहुतेक खडे हरभऱ्याएवढे. पण कधीकधी सुरुंग उडवल्यावर नारळाएवढी, क्वचित घागरीएवढी पोकळी उघडी पडते आणि तिच्या आतल्या भिंतीवर काचेसारखे कंगोरेदार स्फटिक दाटीने उभे असलेले दिसतात. आबा त्या सगळ्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात. शेतमालकाला त्यांचे कौतुक नसते. त्याला पाणी हवे असते. यारीने वर येणाऱ्या दगडमातीबरोबर त्या वर येतात आणि विहिरीच्या कडेला ढिगात पडून राहतात. त्यांतल्या चार-दोन आबांनी रुमालात बांधून घरी आणल्या. आमच्या घरात देवांच्या शेजारी एक कोनाडा आहे. त्यात त्या ओळीने मांडलेल्या असतात. दिवाळीला माय त्या धुते, पुसते आणि पुन्हा जागच्या जागी ठेवते.

कला शाखेत शिकणाऱ्या मुलीने वार्षिकांकात दगडांवर लेख लिहावा, याचे कोणालाही नवल वाटेल. त्याचे कारण आहे एक शब्द. तो शब्द म्हणजे 'अशुद्ध'.

मागल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत मी भाग घेतला. विषय पाण्याचा होता. बोलण्याच्या भरात मी म्हणाले, "मी विहीर खोदणाऱ्याची आंडेर आहे." आमच्या अहिराणीत मुलगा म्हणजे आंडोर आणि मुलगी म्हणजे आंडेर. सभागृहात एकदम हशा पिकला. पुढे गुणपत्रक हाती आले, त्यावर माझ्या नावासमोर शेरा होता : "विचार चांगले. भाषा अशुद्ध." स्पर्धा कुठली, परीक्षक कोण, हे सांगण्याचे काही कारण नाही. शेरा आकसाने लिहिला होता असेही मला वाटत नाही. पण तो शब्द कुसळासारखा मनात रुतून बसला. ज्या बोलीत मायने मला अंगाई म्हटली, ज्या बोलीत आबा यारीवरच्या माणसाला 'सांभाळ' म्हणून ओरडतात आणि त्या एका हाकेवर खाली उभ्या असलेल्या चौघांचा जीव वाचतो, ती बोली म्हणजे मराठीला लागलेला मळ आहे काय? आणि तो मळ धुऊन काढला म्हणजे माझी भाषा चांगली होईल काय? आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. हा प्रश्न विचारावा असे घरात कोणी नव्हते. त्याचे उत्तर शोधण्याची वाट मला त्या कोनाड्यातल्या गारगोट्यांनी दाखवली.

आपल्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागात खडकांच्या नमुन्यांचे एक कपाट आहे. एके दिवशी त्यात मला कोनाड्यातलीच गारगोटी दिसली. फक्त तिच्यापुढे चिठ्ठी होती. मी घरचे दगड पिशवीतून आणून सरांना दाखवले. सरांनी ते हातात फिरवून पाहिले आणि एकेकाचे नाव सांगितले. हिरवट झाक असलेला, चौकोनी खांबासारखा स्फटिक अपोफिलाइट. गुलाबीसर, गव्हाची पेंढी मध्ये बांधावी तसा दिसणारा स्टिल्बाइट. आणि त्यांना चिकटलेला पिवळट पांढरा तुकडा कॅल्साइट. पहिले दोन सिलिकेट वर्गातले, म्हणजे वाळूतले सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यावर उभे राहिलेले. तिसरा चुन्याच्या घरातला.

मग सरांनी त्यांची जन्मकथा सांगितली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या दख्खनवर जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला. तो एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर तो काळा पाषाण पसरलेला आहे. रस निवताना त्यातले वायू वर आले आणि पोळी फुगावी तसे थराच्या माथ्यावर बुडबुडे राहिले. पुढे त्या पोकळ्यांत ऊन पाणी झिरपले. त्या पाण्यात विरघळलेले क्षार कणाकणाने भिंतीला धरले आणि स्फटिक झाले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरची माती बनली, ती पुढच्या रसाने भाजून लाल झाली. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आबांचे थर उलगडत होते. बुडबुड्यांचा माथा म्हणजे आबांचा मांजऱ्या. भाजलेली माती म्हणजे त्यांचा गेरूसारखा पट्टा. पुस्तक आणि आबा एकच गोष्ट दोन बोलींत सांगत होते.

या गारगोट्यांनी जग पाहिले आहे, हेही मला तेव्हाच कळले. मुंबई-पुणे लोहमार्गाचा बोरघाट १८६३ साली खुला झाला. तो घाट फोडताना निघालेले स्फटिक साहेबांनी विलायतेच्या संग्रहालयांत नेऊन ठेवले. पुढे आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या खाणींतले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट देशोदेशी गेले. परदेशातल्या संग्रहालयांत काचेच्या कपाटात आमच्या कोनाड्यातल्यासारखाच दगड असतो आणि त्याच्यापुढे 'जळगाव, भारत' अशी चिठ्ठी असते. ज्या दगडाला आपल्याकडे ढिगात जागा, त्याला तिकडे मखमल!

सर बोलता बोलता म्हणाले, "काही खनिजे अंधारात अतिनील दिव्याखाली धरली तर स्वतःच उजळतात. आपल्याकडे तसा दिवा नाही. पण नोटा तपासतात ना, तो त्याच जातीचा." हे ऐकल्यावर मला राहवेना. माझे मामा पारोळ्याला एका आडत दुकानात दिवाणजी आहेत. त्यांच्या गल्ल्याशेजारी नोटा तपासायचे लहानसे यंत्र असते. शेटजींची परवानगी काढून एका संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर, आम्ही शटर अर्धे ओढले आणि आतले दिवे मालवले. आबाही बरोबर होते. दगड त्यांचे; त्यांच्यामागे काय करतात ते त्यांना पाहायचे होते.

यंत्राच्या जांभळट नळीखाली आधी मामांनी शंभराची नोट धरली. नोटेचा कागद काळोखा राहिला, पण तिच्यातले बारीक तंतू आणि क्रमांक लखलखले. मग त्यांनी वहीचे साधे पान धरले, तर ते सबंध पान निळसर पांढरे पेटले! मामा हसून म्हणाले, "खरी नोट गप्प बसते आणि खोटा कागद मिरवतो, असा हा दिवा आहे." साध्या कागदात आणि धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा वाढवणारी द्रव्ये घातलेली असतात, ती या प्रकाशात चमकतात. माझी धुतलेली ओढणीही चांदण्यासारखी दिसू लागली. उजळणे म्हणजे खरेपणा, असे समजायचे नाही, हा पहिला धडा मला तिथेच मिळाला.

मग गारगोट्यांची पाळी आली. अपोफिलाइट ठेवला, काळोख. स्टिल्बाइट ठेवला, काळोख. आबांचा चेहरा अंधारात दिसत नव्हता, पण त्यांचा हिरमोड झालेला मला जाणवला. शेवटी, अपोफिलाइटच्या बुडाशी चिकटलेला तो कॅल्साइटचा ओबडधोबड तुकडा मी उलटा करून धरला. दुधात केशराची काडी पडावी तसा मंद, पिवळसर उजेड त्यातून येऊ लागला. देखण्या स्फटिकांनी तोंड उघडले नाही. ज्याला माय दिवाळीला नीट पुसतही नसे, तो तुकडा बोलला. आबा खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "हाऊ उजेड कसाना शे?" हा उजेड कशाचा आहे?

आबांच्या या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला पुढचे दोन महिने लागले. ग्रंथालयातली पुस्तके, सरांची मदत आणि शब्दकोश यांच्या आधाराने मला जे समजले ते असे.

सूर्यप्रकाशातल्या जांभळ्या रंगाच्या पलीकडे जो प्रकाश असतो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला अतिनील म्हणतात. काही पदार्थांवर तो पडला की पदार्थातला इलेक्ट्रॉन ती शक्ती घेऊन वरच्या पायरीवर चढतो. बारवेच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणा. वर चढलेला इलेक्ट्रॉन तिथे टिकत नाही. थोडी शक्ती उष्णतेत घालवून तो एक-दोन लहान पायऱ्या उतरतो आणि मग उरलेले अंतर एका उडीत खाली येतो. त्या उडीत जी शक्ती सुटते तिचा प्रकाश होतो. घेतलेल्यापेक्षा ही शक्ती कमी असते, म्हणून हा प्रकाश अतिनील नसून आपल्याला दिसणाऱ्या रंगांचा असतो. तेव्हा दगड चमकला म्हणजे त्याने दिव्याचा उजेड आरशासारखा परत फेकला असे नव्हे. न दिसणारे घेऊन त्याने दिसणारे दिले. केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली हे उलगडून दाखवले आणि फ्लोराइट या खनिजावरून या गुणाला 'फ्लोरेसन्स' असे नाव दिले. मराठीत आपण त्याला प्रतिदीप्ती म्हणतो. फ्लोरिन या मूलद्रव्याचे नावही त्याच खनिजावरून पडले. गंमत अशी की आमच्या अपोफिलाइटमध्ये फ्लोरिन असते. पण नुसत्या नावाच्या नात्याने तो काही दुकानात उजळला नाही.

मग उजळते काय? याचे उत्तम उदाहरण विलेमाइट नावाच्या एका दुर्मिळ सिलिकेटचे आहे. हे जस्ताचे सिलिकेट. जगात ते फार थोड्या ठिकाणी भरपूर सापडते. त्यांतली अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातली फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिल ही खाणींची ठिकाणे प्रसिद्ध आहेत. दिवसा पाहिले तर हा दगड फिकट, तपकिरी, कोणाच्या नजरेत न भरणारा. अतिनील दिव्याखाली धरला की कोवळ्या पोपटी गव्हासारखा हिरवागार पेटतो. आता खरी गोष्ट पुढे आहे. अगदी शुद्ध विलेमाइट असा उजळत नाही. त्याच्या सांगाड्यात जस्ताच्या काही जागांवर मँगनीजचे थोडे अणू येऊन बसलेले असतात. उजेड देतात ते हे अणू. शास्त्रज्ञ त्यांना चेतवणारे म्हणतात. पण रसायनाच्या हिशेबाने ती भेसळच. खनिजशास्त्राच्या पुस्तकात मी तो शब्द वाचला तेव्हा माझा श्वास क्षणभर थांबला. पुस्तकात लिहिले होते, 'अशुद्धी'.

पुढे पाहावे तो सगळीकडे हीच कथा. सुरुवातीच्या ट्यूबलाइटांच्या नळ्यांना आतून जी पूड फासत, तिच्यात मुद्दाम मँगनीज मिसळलेले कृत्रिम विलेमाइट असे. नळीतल्या पाऱ्याच्या वाफेतून अतिनील प्रकाश निघे आणि ती पूड त्याचा उजेड करी. आज घरोघरी एलईडीचे पांढरे दिवे आले आहेत. त्यांत निळ्या प्रकाशापुढे एक पिवळी पूड असते आणि तिच्यातही सिरियम नावाचे मूलद्रव्य चिमटीभर मिसळलेले असते. ज्या दिव्याखाली बसून परीक्षकांनी 'अशुद्ध' असा शेरा लिहिला, तो दिवाही कसल्या तरी अशुद्धीवरच जळत असेल!

हे वाचून मला इतका आनंद झाला की मी लगेच एक लेख लिहून टाकणार होते. त्यात असे लिहायचे ठरवले होते की बोली ही प्रमाण भाषेतली अशुद्धी आणि उजेड तिच्यातूनच येतो. पण सर म्हणाले, "थांब. दाखला आवडला म्हणून तो पुरा खरा होत नाही. आधी उलट बाजू बघ." मी ती पाहिली.

उलट बाजू अशी की कोणतीही भेसळ चालत नाही. खनिजात लोह शिरले की बहुधा ते उजेड मारून टाकते. चेतवणारे जमवतात आणि लोह विझवते. आपला काळा पाषाण लोहाने भरलेला आहे. चेतवणारे मँगनीजसुद्धा प्रमाणाबाहेर झाले तर उजेड वाढत नाही, उलट मंदावतो. शिवाय ते कोणाच्या घरात बसले आहे यावर रंग ठरतो. मँगनीज विलेमाइटमध्ये हिरवे दिसते, तर तेच मँगनीज कॅल्साइटमध्ये नारिंगी-तांबडे दिसते. म्हणजे मिसळले की झाले, असे नाही. योग्य जागा, योग्य प्रमाण आणि सामावून घेणारे घर, तिन्ही लागतात. उगाच चार इंग्रजी आणि चार गावठी शब्द कोंबले म्हणजे भाषा उजळत नाही, हे यावरून मला मान्य करावे लागले. 'आंडेर' हा शब्द त्या वाक्यात जागेवर होता, असे माझे मत मात्र अजून आहे. 'मुलगी' म्हटले असते तर अर्थ पोचला असता. पण मी कुठल्या घरातून उभी राहून बोलते आहे ते पोचले नसते.

दुसरी गोष्ट अशी की काही खनिजांना चेतवायला बाहेरच्या कोणाची गरजच नसते. आपल्या नाशिकजवळ, पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींत, अपोफिलाइट-स्टिल्बाइटच्याच पोकळ्यांत पॉवेलाइट नावाचे दुर्मिळ खनिज सापडले आहे. ते सिलिकेट नव्हे. कॅल्शियम आणि मॉलिब्डेनमचे बनलेले आहे. अतिनील दिव्याखाली ते साजूक तुपासारखे पिवळे उजळते आणि हा उजेड त्याच्या मूळ घडणीतलाच असतो, भेसळीचा नव्हे. कॅलिफोर्नियात १९०७ साली सापडलेले बेनिटोआइट हे अतिदुर्मिळ सिलिकेटही असेच. त्याचा निळा उजेड त्याच्या अंगभूत टायटॅनियमचा. आणि पुण्याजवळच्या वाघोलीचे कॅव्हन्साइट पाहा. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तिघांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव झाले आहे. जगभरचे संग्राहक वाघोलीचे नाव घेतात ते त्या मोरपंखी निळ्या फुलांसाठी. पण अतिनील दिव्याखाली तो दगड काळा पडतो. त्याचे वैभव उन्हातले. तेव्हा काही भेसळीने उजळतात, काही जात्याच उजळतात आणि काहींना उजळण्याची गरजच नसते.

यातून माझ्या मनात नवाच प्रश्न उभा राहिला. ज्याला आपण भेसळ म्हणतो ती भेसळच कशावरून? आणि या प्रश्नाचे उत्तर मला आपल्याच देशातल्या एका थोर कथेत सापडले.

कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी पाण्यासारख्या स्वच्छ द्रवांतून प्रकाश कसा विखुरतो याचा अभ्यास करीत होते. १९२३ साली त्यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना विखुरलेल्या प्रकाशात मूळच्यापेक्षा वेगळ्या रंगाचा एक अंधुक अंश दिसला. त्यांना वाटले, ही दुबळी प्रतिदीप्ती असावी. द्रवात काहीतरी अशुद्ध राहिले असावे. म्हणून द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करून पाहिला. पण तो अंश जाईना. कितीही धुतले तरी तो उरलाच. तो मळ नव्हताच, पदार्थाचा स्वतःचाच धर्म होता. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी तो धागा सोडला नाही आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जे हाती लागले त्याला आज जग रामन परिणाम म्हणते. १९३० साली त्यासाठी रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो, भाषणे करतो, पण या कथेतले हे शुद्धीकरणाचे पान मला कोणत्याच भाषणात ऐकायला मिळाले नव्हते.

अहिराणीचेही असेच नसेल ना? जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा एक खंड १९०७ साली निघाला. त्यात खानदेशीची नोंद मराठीच्या खंडात नाही. भिली भाषांबरोबर वेगळी आहे. त्यांची विभागणी आज कोणाला पटो वा न पटो, पण शंभरावर वर्षांपूर्वी एका अभ्यासकाने आमच्या बोलण्यात मराठीची चूक न पाहता स्वतंत्र घडण पाहिली, एवढे खरे. तेव्हा शेऱ्यातले 'अशुद्ध' हे मुळात मोजमापच निराळे. अपोफिलाइटला 'हा बिघडलेला कॅल्साइट आहे' म्हणावे, तसे ते झाले.

आणि आपल्या जिल्ह्याला तर हे सांगायलाच नको. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्यांनी जी गाणी रचली ती घरच्यांनी उतरून ठेवली. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव यांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपाने आली. त्यांची बोली आमच्या अहिराणीहून निराळी. पण तीही काही पुण्याची भाषा नव्हे. आज आपण ती पाठ्यपुस्तकात वाचतो आणि परीक्षेत तिच्यावर रसग्रहण लिहितो. कविता बदलली नाही. ती ज्या दिव्याखाली धरली गेली तो दिवा बदलला.

दिव्याची ही गोष्ट दगडांच्या बाबतीतही अक्षरशः खरी आहे. मामांच्या यंत्रातला दिवा लांब लहरींचा, सुमारे ३६५ नॅनोमीटरचा. खनिजांचे अभ्यासक त्याखेरीज २५४ नॅनोमीटरचा आखूड लहरींचा दिवाही वापरतात, आणि पुष्कळ खनिजे त्याच्याखालीच उजळतात. एका दिव्याखाली मुका राहिलेला दगड दुसऱ्याखाली बोलू शकतो. म्हणून आमच्या दोन स्फटिकांबद्दल मी वहीत 'उजळत नाही' असे लिहिले नाही. 'लांब लहरींच्या दिव्याखाली उजळला नाही' असे लिहिले. पहिल्या वाक्यात दगडाविषयी निकाल आहे, दुसऱ्यात दिव्याचेही नाव आहे. माणसांना शेरे देतानाही दिव्याचे नाव लिहायची पद्धत पडली तर किती बरे होईल! 'भाषा अशुद्ध' न लिहिता 'प्रमाण मराठीच्या दिव्याखाली हा शब्द दिसला नाही' असे लिहिले असते, तर तो शब्द मला रुतला नसता. प्रमाण मराठी मला शिकायची आहे, मन लावून शिकायची आहे. हा लेखही मी तिच्यातच लिहिला आहे. पण तो एक दिवा आहे, एकमेव दिवा नव्हे.

हे सगळे मी आबांना त्यांच्या बोलीत समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. या दिव्याखाली विंचूही निळसर हिरवा चमकतो, असे मी सांगितले तेव्हा मात्र ते एकदम सावरून बसले. विहिरीच्या कडेच्या दगडांच्या ढिगात विंचू फार. "मंग हाऊ दिवा माले दे," ते म्हणाले. ज्ञानाचा उपयोग काय, हा परीक्षेतला प्रश्न त्यांनी एका वाक्यात सोडवला. शिष्यवृत्तीचे पैसे आले की त्यांना तसली लहान विजेरी आणून द्यायची असे मी ठरवले आहे.

सध्या मी दोन कामे हाती घेतली आहेत. आबा आणि त्यांचे सोबती जमिनीच्या थरांना, दगडांच्या जातींना, पाण्याच्या झऱ्यांना, सुरुंगाच्या आवाजांना जे शब्द वापरतात ते मी एका वहीत उतरून घेते आहे. शब्दाशेजारी गाव आणि परसांची खोली लिहिते. आजपर्यंत एकेचाळीस शब्द झाले. त्यांतले कितीतरी मला शब्दकोशात सापडले नाहीत. नव्या विहिरी आता यंत्रांनी खोदल्या जातात. आबांच्या पिढीबरोबर हे शब्दही कातळाखाली जातील, त्याआधी ते वर काढायचे आहेत.

दुसरे काम तुमच्या मदतीशिवाय होणार नाही. आपल्यापैकी बहुतेकजण आसपासच्या खेड्यांतून येतात आणि प्रत्येकाच्या शिवारात विहीर आहे. विहिरीच्या कडेच्या ढिगातली एखादी गारगोटी पिशवीत घालून आणा. भूगोल विभागातल्या त्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा आहे आणि सरांनी तो आपल्याला दिला आहे. चिठ्ठीवर खनिजाचे शास्त्रीय नाव सर लिहितील. दगड आणताना त्याचे गावातले नाव मात्र विसरू नका.